मदत हवी आहे : सातवीच्या गणितात मिश्र सराव कसा बसवायचा?

नमस्कार. मी हडपसरला मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला गणित शिकवते. शाळेत 'मेंदूआधारित अध्यापना'चं प्रशिक्षण झालं आणि आता मुलांचे दृश्य, श्राव्य, कृतिशील असे गट पाडायला सांगितलंय. मला हे अजिबात पटत नाही. मानसशास्त्रज्ञ पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा असे गट करून शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडला नव्हता.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. पूर्णांकांचा गुणाकार शिकवेपर्यंत −३ − ५ = −८ सगळ्यांना येत होतं. परवा एका चांगल्या मुलीच्या वहीत उत्तर ८, आणि समासात पेन्सिलीने 'वजा वजा अधिक'. संख्यारेषेवर विचारलं तर तीच −३ वरून डावीकडे पाच घरं जाऊन −८ सांगते! नियम पाठ आहे, पण तो कुठे लावायचा ते ठरवायची सवयच नाही. कशी असणार? सरावसंचात ओळीने गुणाकारच असतात.

म्हणून मिश्र सराव, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची उदाहरणं मिसळून द्यायची आहेत. पण तास ३५ मिनिटांचा, पोर्शन मागे राहतो, आणि मिश्र सरावात सुरुवातीला चुका वाढल्या की पालक विचारणारच. कोणी सातवीत हे केलंय का? वर्गात घेता की गृहपाठात? जुन्या प्रकरणांतलं किती घालता? पालकांना काय सांगता?

प्रतिसाद :
ताई, सातवीचाच दाखला आहे. रोहरर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतले सातवीचे ५४ वर्ग होते. महिन्याभराने न सांगता घेतलेल्या चाचणीत मिश्र सराववाल्यांना सरासरी ६१ टक्के, एकाच प्रकारची उदाहरणं ओळीने सोडवणाऱ्यांना ३८. पालकसभेत हेच आकडे सांगा. वेळ मात्र जास्त लागतो, ते खरंच आहे.

मी नवीन उदाहरणं वाढवत नाही. पुस्तकातलीच अर्धी त्या दिवशी घेते, उरलेली पुढच्या दोन-तीन आठवड्यांच्या गृहपाठात विखरून टाकते. वर 'गुणाकार' असं शीर्षक देत नाही. आणि तासाची पहिली पाच मिनिटं −३ − ५, (−३) × (−५), −३ − (−५) अशी फळ्यावर लिहून फक्त विचारते, 'इथे काय करायचंय?' उत्तर काढायचंच नाही. तुमच्या त्या मुलीला आधी हे द्या.