पैसे देताना वॉलेटमधली बाकी शिल्लक समोरच्याला दिसते का?

नवखा_नाणेवाला:
बिटकॉइन वॉलेटमध्ये तीन ठिकाणांहून आलेली रक्कम आहे. एक्स्चेंजवरून काढलेले ०.०५, एका ओळखीच्यांकडून ०.००३१ आणि दुसऱ्यांकडून ०.००१८. आता तिसऱ्याच माणसाला ०.००४ द्यायचे आहेत. त्याला बाकीची रक्कम कळू नये, आधीच्या दोघांनाही काही सुगावा लागू नये. दर वेळी नवा अ‍ॅड्रेस घेतला की पुरे ना? वॉलेट स्पॅरो, लॅपटॉपवर.

चावीवाला:
नवा अ‍ॅड्रेस हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. गुपित फुटतं ते बहुतेक वेळा खर्च करताना. वॉलेटमध्ये शिल्लक म्हणून एकच गल्ला नसतो. आलेली प्रत्येक रक्कम म्हणजे वेगळी नोट, तिलाच यूटीएक्सओ म्हणतात. निवड वॉलेटवर सोडली तर ते दोन लहान नोटा जोडू शकतं: ०.००३१ आणि ०.००१८. दोन नोटा एका व्यवहारात खर्च झाल्या की माग काढणारा धरूनच चालतो की मालक एक. बिटकॉइनचा निर्माता सातोशी याच्या २००८ च्या निबंधातच हा धोका लिहिलेला आहे.

पुढे सुट्यांचा घोळ. नोट पूर्णच मोडावी लागते, उरलेली रक्कम सुटे म्हणून आपल्याच वॉलेटमध्ये परत येते. दोन नोटा आत, दोन बाहेर म्हणजे बीसी१क्यूने सुरू होणाऱ्या अ‍ॅड्रेसांच्या प्रकारात साधारण २०९ व्हीबाइट (व्यवहाराचा आकार, फी त्यावरच ठरते). दर व्हीबाइटला ५ सॅट (सॅट म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) या दराने फी १,०४५ सॅट. बाहेर पडतात ४,००,००० आणि ८८,९५५ सॅट. दिले किती आणि सुटे कोणते, हे शाळकरी पोरही सांगेल. त्यातून समोरच्याचा अ‍ॅड्रेस ३ ने सुरू होणारा आणि सुटे बीसी१क्यूवर आले, तर आकडे बघायचीही गरज नाही.

०.०५ ची नोट मोडलीत तर ०.०४६ च्या आसपास सुटे परत येतात आणि पैसे घेणाऱ्याला तेवढं घबाड दिसतं. माझं मत: एक्स्चेंजवरून याच कामापुरते ०.००४१ नव्या अ‍ॅड्रेसवर वेगळे काढा आणि फक्त तीच नोट खर्च करा. एक आत, दोन बाहेर: १४१ व्हीबाइट, त्याच दराने ७०५ सॅट. सुटे उरतात ९,२९५. तेवढे दिसले तर दिसोत.

स्पॅरोमध्ये यूटीएक्सओंच्या टॅबवर जाऊन ती एकच ओळ निवडायची आणि खालून ‘सेंड सिलेक्टेड’. बाकीच्या नोटांवर राइट क्लिक करून त्या फ्रीझ करून ठेवा, म्हणजे घाईत चुकून जोडल्या जाणार नाहीत. अ‍ॅड्रेस देण्याआधीच त्याला लेबल लावा. सहा महिन्यांनी कुठली नोट कुणाची ते आठवत नसतं.

ब्लॉकखोदू:
वरचं सगळं नीट केलं, तरी वॉलेट दुसऱ्याच्या सर्व्हरला जोडलेलं असेल तर त्या सर्व्हरला तुमचे सगळे अ‍ॅड्रेस एका ठिकाणाहून विचारलेले दिसतात. टॉर वापरलात तर आयपी झाकला जातो, अ‍ॅड्रेसांची गठडी नाही. काही मोबाइल वॉलेटं तर अख्खा एक्सपबच, म्हणजे जिच्यातून वॉलेटचे सगळे अ‍ॅड्रेस काढता येतात ती सार्वजनिक चावी, कंपनीकडे पाठवतात. मग जुने-नवे सगळेच अ‍ॅड्रेस त्यांच्याकडे.

उपाय म्हणजे स्वतःचा बिटकॉइन कोअर नोड, म्हणजे सगळे व्यवहार आपल्याच संगणकावर तपासणारा प्रोग्रॅम. डिस्क कमी असेल तर प्रून करा, म्हणजे जुने ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) तपासून झाले की पुसले जातात; ब्लॉकांसाठी किमान ५५० एमबीवर चालतं. मात्र पहिल्यांदा ६०० जीबीहून जास्त डेटा उतरवावाच लागतो. आणि लोक इथेच अडकतात: प्रून झालेल्या नोडवर जुनं वॉलेट आणलं तर त्याचे जुने व्यवहार सापडत नाहीत, कारण ते ब्लॉक पुसलेले असतात. म्हणून वॉलेट आधी जोडा, सिंक मग.

आणि स्वतःचा अ‍ॅड्रेस ब्लॉक एक्सप्लोररच्या साइटवर टाकून ‘आले का पैसे’ बघू नका. त्या साइटला अ‍ॅड्रेस आणि आयपी दोन्ही आयतं मिळतं.

नवखा_नाणेवाला:
आणि मिक्सरमधून, म्हणजे अनेकांचे पैसे मिसळून माग पुसणाऱ्या सेवेतून, फिरवलं तर?

हिशेबनीस:
त्या वाटेला जाऊ नका. सामुराई वॉलेटच्या दोन संस्थापकांवर एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत कारवाई झाली, ती याच सेवेवरून. शिवाय मिक्सरमधून आलेली नोट एक्स्चेंजच्या तपासणीत अडकली तर खुलासे देत बसा.

घरमालकापासून, गिऱ्हाइकापासून शिल्लक झाकणं वेगळं आणि प्राप्तिकरापासून झाकणं वेगळं. एक्स्चेंजकडे तुमचा पॅन आहे, २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, नफ्यावर ३० टक्के कर. बिटकॉइन देऊन काही घेतलं तरी तो हस्तांतरच. चावीवाल्यांनी सांगितलेली लेबलं एक्स्पोर्ट करून सीएला द्या, त्यालाही सोपं जातं.

चावीवाला:
जाता जाता, हाच विचार यूएसडीटीला (डॉलरशी बांधलेल्या नाण्याला) लावू नका. इथेरियम-ट्रॉनवर नोटा नसतात, खातं असतं. एकदा पैसे दिले की समोरच्याला त्या खात्याची पूर्ण शिल्लक दिसते. वेगळं खातं काढाल, पण त्यात गॅसचे, म्हणजे तिथल्या व्यवहाराच्या फीचे, पैसे मुख्य खात्यातून टाकले की दोन्ही जोडलीच गेली. गॅसही एक्स्चेंजवरून थेट तिथेच मागवा.

नवखा_नाणेवाला:
०.००३१ आणि ०.००१८ त्या दोघांनी पाठवले तेव्हा अ‍ॅड्रेस एकच दिला होता. आता?

ब्लॉकखोदू:
मग त्या नोटा आधीच जोडलेल्या आहेत. साखळीवरचं, म्हणजे ब्लॉकचेनवरचं, पुसता येत नाही. त्या दोन्हींना यापुढे एकच समजा आणि ०.०५ ला त्यांच्या वाऱ्यालाही उभं करू नका. नवं वॉलेट काढून सगळं हलवायचं ठरवलंत तर एका व्यवहारात रिकामं करू नका, नाहीतर तिन्ही एकत्र बांधल्या जातील. एक नोट, एक व्यवहार, एक नवा अ‍ॅड्रेस. फी थोडी जास्त जाईल. आणि मध्येच कुठून ५४६ सॅटसारखी बारीक अनोळखी रक्कम आली तर ती लगेच फ्रीझ. ती चुकून खर्चात गेली की पाठवणाऱ्याला हवा तो दुवा मिळतो.