दांडपट्ट्याच्या खोबळ्याला आतून काय लावावं?

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. भाची कोल्हापुरात मर्दानी खेळ शिकते. लाठी, फरीगदगा झाला, आता दांडपट्टा हाती आलाय. खोबळा म्हणजे पात्याला जोडलेलं, हात कोपरापर्यंत झाकणारं धातूचं आवरण; त्यातली आडवी मूठ धरली की मनगट वळत नाही, सगळा वार खांद्या-कोपरातून येतो. गर्दीत चहूबाजूंनी घेरलेल्या माणसाला हे हत्यार किती उपयोगाचं, ते तिचे हात बघताना कळतं!

पण खोबळा तिला मोठा होतो. गिरकी घेताना हात आत सरकतो, पातं भरकटतं आणि कोपराजवळची कड रोज सोलते. कापड गुंडाळलं तर घामानं ओलं होऊन गोळा होतं. चामडं लावावं की नमदा (दाबून केलेलं जाड लोकरी कापड)? चिकटवायचं की शिवायचं? की लहान मापाचा पट्टाच घ्यावा? कोल्हापूर-सातारा भागात असं काम करणारा कारागीर माहीत असेल तर जरूर सांगा.