कोळी लागले, मावा पडला, चुरडा आला: बागेतल्या किडींचे शब्द

भुसावळला राहणाऱ्या माझ्या पुतणीनं परवा फोटो पाठवला. कुंडीतल्या गुलाबाचं पान, वरून फिकट, जणू कुणी बारीक रवा भुरभुरलाय. खाली प्रश्न: "काका, सगळे म्हणतात कोळी लागलेत. पण कोळी तर किडे खातात ना? मग मारायचे कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. गोंधळ तिचा नाही, शब्दाचा आहे. मराठीत 'कोळी' म्हणजे जाळं विणून माशी धरणारा, आणि 'कोळी' म्हणजे पानाचा रस पिणारा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा जीवही. मासेमारी करणारा कोळी तो आणखी वेगळा. पहिला बागेचा राखणदार, दुसरा बागेचा चोर. दोघांनाही आठ पाय, दोघंही धागा काढतात, म्हणून नाव एकच पडलं असावं. म्हणून मी बोलताना नेहमी 'लाल कोळी' म्हणतो. त्यातही एक अडचण आहेच. हा लाल कोळी कित्येकदा लाल नसतो. पिवळट-हिरवा असतो, पाठीवर दोन गडद ठिपके असतात. नुसता लाल रंग शोधत बसलं तर तो समोर असूनही दिसत नाही.

पुतणीला म्हटलं, पान उलटं कर. वर काही दिसत नाही, संसार सगळा खालच्या बाजूला असतो. शिरेच्या कडेला धुळीसारखे कण, त्यांत पांढरी टरफलं, आणि उन्हाकडे धरलं तर दोन शिरांमध्ये ताणलेला अगदी बारीक धागा. मग फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी दोनदा झटकायची. कागदावरची धूळ चालायला लागली तर ती धूळ नव्हे. बोटानं पुसल्यावर तांबूस-हिरवट रेघ उमटते. तिनं तसं केलं आणि पाचच मिनिटांत फोन आला, "काका, चालताहेत!"

आता 'कीड' आणि 'कीटक'. आपण दोन्ही एकाच अर्थानं वापरतो आणि घरात बोलताना त्यानं काही बिघडत नाही. दुकानात मात्र बिघडतं. कीटकाला सहा पाय. कोळ्याला आठ (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहा असतात, तेवढा अपवाद), म्हणजे तो कीटक नव्हे. पण पिकाचं नुकसान करतो म्हणून कीड खराच. 'कीटकनाशक' लिहिलेली बाटली त्याच्यावर चालेलच असं नाही. इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक माव्यावर, तुडतुड्यावर (पानाचा रस पिणारा, उड्या मारणारा छोटा कीटक) चालतं, कोळ्यावर नाही. उलट अशा फवाऱ्यांनी कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि आठ-दहा दिवसांत कोळी दुपटीनं दिसतात. लोक म्हणतात, औषध भेसळीचं होतं. बहुतेक वेळा औषध चांगलं असतं, नाव चुकलेलं असतं. कोळ्यासाठी शब्द आहे 'कोळीनाशक', तो बाटलीवर लिहिलेला असतो. तोच शोधून वाचावा.

हे मी स्वतः भोगलंय. धुळ्याजवळ पांझरेकाठच्या गावी आमच्या परसात मिरची होती. आई म्हणाली, "मिरचीले रोग पडना." आमच्या अहिराणीत पिवळेपणा, अळी, बुरशी, सगळ्याला 'रोग'च. मी शिकलेला, म्हणून दुकानात जाऊन जरा नेमका शब्द वापरला: चुरडा-मुरडा. दुकानदारानं फुलकिड्यांचं, म्हणजे पानं-फुलं खरवडून रस पिणाऱ्या बारीक कीटकांचं, औषध दिलं. दोनदा मारलं. मिरची आणखी आखडली, आणि शेवटी तेरा रोपं उपटली. रोग रेड्याला, औषध पखालीला.

चूक कुठं झाली ते नंतर कळलं. 'चुरडा-मुरडा' हे किडीचं नावच नाही, ते पानाचं वर्णन आहे. पान चुरडलं, मुरडलं, एवढंच तो शब्द सांगतो. कुणी मुरडलं ते सांगत नाही. आणि मुरडणारे तिघं आहेत. फुलकिड्यांनी मुरडलेलं पान कडांनी वर वळतं, होडीसारखं. कोळ्यानं मुरडलेलं पान कडांनी खाली वळतं, पालथ्या होडीसारखं, आणि देठ लांबतो. हा मिरचीवरचा कोळी गुलाबावरच्यापेक्षाही बारीक. जाळं करत नाही, दहापट भिंगाशिवाय दिसत नाही. तिसरा विषाणू. तो पांढऱ्या माशीच्या सोंडेतून येतो, पानं बारीक होऊन शेंड्याशी गुच्छ होतो, शिरा जाड होतात. त्याला औषध नाही. झाड उपटून पुरायचं आणि माशी आवरायची. आमची पानं पालथ्या होडीची होती. मी ती पाहिली होती, पण शब्द हाताशी असल्यामुळे पुन्हा नीट पाहिली नाहीत. नंदुरबारकडे मिरची वाळवायच्या पथारीवर लाल मिरच्यांचे गालिचे पसरलेले दिसतात तेव्हा अजून ती तेरा रोपं आठवतात.

'बोकड्या' हा शब्दही असाच. मिरचीच्या बाबतीत म्हणाल तर पान मुरडणं, वांग्याच्या बाबतीत म्हणाल तर पर्णगुच्छ. वांग्याचा बोकड्या तुडतुड्यांमार्फत पसरतो, पानं बोटाच्या पेरापेक्षा लहान होतात, झाडाला फळ धरत नाही. भरिताची वांगी लावणाऱ्या आपल्या भागात हा फरक कळलाच पाहिजे. कुणी 'बोकड्या' म्हटलं की माझा पहिला प्रश्न: कशावर?

'मावा' ह्या शब्दावर मात्र माझा जीव आहे. खव्यालाही मावा, पानटपरीवरच्या सुपारी-चुना-तंबाखूलाही मावा, आणि शेंड्याला चिकटलेल्या ह्या हिरव्या-काळ्या मऊ किडीलाही मावा. क्रियापद बघा: कोळी 'लागतात', भुरी 'येते', मावा 'पडतो'. ढगाळ हवा आली, रात्र गेली, सकाळी मावा 'पडला'. आभाळातून पडल्यासारखंच वाटतं, कारण माव्याची मादी नराविना थेट जिवंत पिल्लं घालते आणि तीही आठवड्याभरात पिल्लं घालायला लागतात. आज दहा, परवा शेंडा काळा. ज्यानं 'पडला' हे क्रियापद लावलं त्यानं नीट पाहिलं होतं.

'चिकटा' हा मात्र किडीचा शब्द नव्हे. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण रस पिऊन जो गोड पातळ द्रव टाकतात, तो चिकटा. त्यावर काळी बुरशी वाढते, पान काजळीसारखं होतं. लोक काजळीवर बुरशीनाशक मारतात. खरं तर मावा आवरला की काजळी आपोआप थांबते. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर ती चिकट्यासाठी आलेली असते आणि माव्याचं रक्षणही करते. रांग तोडायची.

'पिठ्या ढेकूण' हे नाव मला फार आवडतं. पीठ म्हणजे अंगावरचं मेण, आणि ढेकूणही खरंच, सोंड खुपसून शोषणाऱ्या त्याच गणातला. नावात उपायही आहे. मेणावरून पाणी ओघळतं, म्हणून नुसता फवारा वाया जातो. साबणाचं पाणी घालायचं, किंवा एखादी कुंडी असेल तर स्पिरिटात बुडवलेल्या कापसानं पुसायचं. एक जपायचं: क्रिप्टोलेमस नावाच्या मित्रकिड्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच पांढरी, पिसारलेली दिसते, फक्त मोठी आणि चपळ. ती ढेकूण खाते. जास्वंदीवर एखादा 'ढेकूण' धावताना दिसला तर त्याला हात लावू नका.

'भुरी' पांढरी असली तरी बुरशी आहे. बोटाला कोरडं पीठ लागलं तर भुरी, चिरडून ओलं लागलं तर ढेकूण. आणि कपाशीचा 'लाल्या' हा तर एक कीड नव्हे, एक रोगही नव्हे. मॅग्नेशियम कमी पडलं, रात्री थंड झाल्या, तुडतुड्यांनी रस प्याला, कशानंही पान लाल होतं.

पुतणीनं शेवटी विचारलं, मग करू काय? तिला सांगितलं ते इथंही लिहितो. सकाळी लवकर पाण्याची धार पानांच्या खालून जोरात, तीन दिवसाआड, तीन-चार वेळा. बरेचसे कोळी तिथंच जातात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. कोरडी, तापलेली हवा म्हणजे कोळ्याची दिवाळी, पिढी आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होते. म्हणून एकदा धुऊन भागत नाही. नंतर निंबोळी तेल लिटरला ५ मिलि, थोडा साबण, उन्हं कलल्यावर. पाण्यात मिसळणारं गंधक कोळ्यावरही चालतं आणि भुरीवरही, लिटरला २ ते ३ ग्रॅम. पण पारा ३५ च्या वर असताना मारलं तर पान भाजतं, आणि तेलाच्या फवाऱ्यानंतर दोन आठवडे मारायचं नाही. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात गंधक जवळपास बाद. ते दिवाळीनंतर.

कोळी लागलेलं पान भाजल्यासारखं दिसतं. मग आपण म्हणतो, 'उन्हानं करपलं', आणि पाणी वाढवतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला उन्हावर सगळं खपून जातं. उन्हानं करपलेलं पान कडेनं करपतं, नाहीतर ऊन लागतं त्या एकाच बाजूनं. रव्यासारखे ठिपके ऊन पाडत नाही.

काल पुतणीचा पुन्हा फोटो आला. गुलाबाला तांबूस कोवळी पालवी, आणि दोन फांद्यांच्या बेचक्यात एक मोठं गोल जाळं, मधोमध त्याचा मालक. खाली लिहिलंय, "काका, हा खरा कोळी. ह्याला राहू दिलंय."