विच हेझलचा गुण सालीत, मग बाटलीत काय उरते?

रानवाट (धागाकर्ती):
न्यू जर्सीहून आलेल्या मावसबहिणीने मला विच हेझलची बाटली दिली आणि पुरळ, दाढीनंतरची आग, डासांचा दंश, मूळव्याध या सगळ्यांवर हीच लाव, असे सांगितले. विच हेझल म्हणजेच हॅमामेलिस व्हर्जिनियाना हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातले झुडूप असून ऐन पानगळीत त्याला चुरगळलेल्या पिवळ्या फितींसारख्या पाकळ्यांची फुले येतात. तिथले मूळ रहिवासी त्याचा काढा सुजेवर लावत.
हा गुण मुख्यतः सालीतल्या टॅनिनांचा आहे. हॅमामेलिटॅनिन म्हणजे हॅमामेलोज नावाच्या साखरेला गॅलिक आम्लाचे दोन घटक जोडलेले संयुग; जोडीला प्रोअँथोसायनिडिन आणि कॅटेचिन असतात. ही द्रव्ये त्वचेवरच्या प्रथिनांना बांधून घेतात, वरचा थर आक्रसतो आणि स्राव व बारीक रक्तस्राव कमी होतो. हिरडा चघळल्यावर तोंड ओढल्यासारखे होते, तेही याच कारणाने.
अडचण पुढे आहे. बाटलीतले पारदर्शक पाणी डहाळ्या भिजवून, वाफेने ऊर्ध्वपातन करून काढतात आणि त्यात सुमारे १४ टक्के अल्कोहोल घालतात. टॅनिने वाफेबरोबर उडत नाहीत. ती भांड्यातच राहतात. टॅनिनाची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग येतो, म्हणून मी हिरड्याच्या काढ्यात एक आणि या पाण्यात एक असे दोन गंजके खिळे टाकून ठेवले. काढ्याची वाटी तासाभरात शाईसारखी काळी झाली, दुसरीत फक्त गंज तळाशी बसला. मग सालीच्या गुणांवर बाटली विकणे कितपत योग्य आहे?

जुना फार्मासिस्ट:
आपला प्रयोग सुबक आहे, परंतु त्यातून टॅनिन नाही एवढेच सिद्ध होते, उपयोग नाही असे नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९३ मध्ये विनाचिठ्ठी विकता येणाऱ्या तुरट औषधांत तीनच द्रव्ये मान्य केली: अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅसिटेट, अ‍ॅल्युमिनियम सल्फेट आणि विच हेझल. यातले दुसरे आपल्या न्हाव्याच्या तुरटीचे जवळचे भावंड. युरोपीय औषध संस्थेनेही हे ऊर्ध्वपातित पाणी त्वचेच्या किरकोळ दाहासाठी मान्य केले आहे. थेरॉन पॉन्ड यांनी १८४६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ज्या विच हेझलच्या अर्कावर धंदा उभारला, त्यातूनच पुढे आपल्या आयांच्या आरशासमोरचे पॉन्ड्स आले. एवढ्या पिढ्यांचा अनुभव एका खिळ्यावर टांगू नये.

त्वचा-विद्यार्थिनी:
काका, युरोपची मान्यता 'पारंपरिक वापर' या सदरातली आहे. तिथे किमान ३० वर्षांचा वापर, त्यांपैकी १५ वर्षे युरोपीय संघात, आणि सुरक्षिततेचा भरवसा एवढे पुरते. रुग्णांवरच्या चाचणीत गुण सिद्ध करण्याची अट त्यात नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र अ‍ॅटोपिक इसबाच्या ७२ रुग्णांवर १४ दिवस हॅमामेलिसच्या ऊर्ध्वपातित अर्काचे क्रीम, ०.५ टक्का हायड्रोकॉर्टिसोन आणि औषधाविना नुसते क्रीम यांची तुलना झाली. हायड्रोकॉर्टिसोन सरस ठरले. हॅमामेलिसचे क्रीम नुसत्या क्रीमपुढे गेले नाही. अर्थात ही चाचणी इसबाची होती, त्यावरून मूळव्याधीचा निकाल लावणे घाईचे होईल. कोरड्या त्वचेला अल्कोहोल झोंबते, तेवढे मात्र आपल्या पिढ्यांच्या अनुभवात मोजलेले दिसत नाही.

सदाशिवकर:
आमच्या घरी रक्ती मूळव्याधीवर होमिओपॅथीच्या दुकानातले हॅमामेलिसचे मदर टिंक्चर वर्षानुवर्षे येते. ते पाण्यासारखे नसून तपकिरी असते आणि जिभेला तुरट लागते. ते कोणत्या रकान्यात बसवणार?

रानवाट:
चांगला मुद्दा काढलात, आणि गंमत म्हणजे तो माझ्याच बाजूचा आहे. मदर टिंक्चर हा ताज्या सालीचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क असतो, वाफ मध्ये येत नाही, म्हणून टॅनिने त्यात उतरतात. तोच अर्क '३०' या पोटेन्सीला नेला, म्हणजे शंभरपट विरलन तीस वेळा केले, की रेणूही उरत नाही. तेव्हा नाव एक असले तरी या दोन बाटल्यांत काही साम्य नाही. शिवाय त्वचेवर लावल्याने जे आक्रसते ते थेंब पोटात घेतल्याने तळाशी जाऊन आक्रसेलच, असे गृहीत धरता येत नाही. आणि शौचातून रक्त पडत असेल तर ते मूळव्याधीचेच आहे, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

जुना फार्मासिस्ट:
खिळ्याचा निकाल मान्य, इसबाचाही मान्य. बाटलीच्या लेबलवर 'सालीतील टॅनिनांनी युक्त' असे छापून हे पाणी विकणे ही फसवणूक आहे, यावरही माझा वाद नाही. तरी मे महिन्यात फ्रिजमधली बाटली काढून कापसाने मानेवर फिरवली की घामोळ्याची आग शमते. ती अल्कोहोलने शमते, गारव्याने शमते की वाफेबरोबर आलेल्या किंचित तेलाने, याचा शोध आपण घ्यावा. माझी बाटली मात्र फ्रिजमध्येच राहील.