लेकीच्या संसारासाठी प्रार्थना कशी करावी, आणि मध्ये किती पडावं?

अमळनेरची आई
जय ख्रिस्त. लेक भुसावळला दिली, लग्नाला दीड वर्ष झालं. जावई रेल्वेत, पाळीची ड्यूटी. पगार अजून विहीणबाईंच्या हाती जातो, त्यावरून रोजची धुसफूस. मारहाण नाही. लेक रात्री फोनवर रडते. मी रोज गुडघे टेकते, पण तोंडून "सासूला बुद्धी दे" एवढंच निघतं. प्रार्थना कशी करू? जाऊन बोलू का?

पाळक, नंदुरबार
ताई, "सासूला बुद्धी दे" म्हणताना निकाल आपण आधीच लावलेला असतो. म्हणून क्रम बदला. सकाळी पंधरा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. सुरुवात बायबलमधल्या स्तोत्र 141:3 ने करा, म्हणजे आपल्या ओठांवर पहारा मागा. मग याकोब 1:5 प्रमाणे शहाणपण मागा, तेही स्वतःसाठी. त्यानंतर लेक, जावई, विहीणबाई, तिघांची नावं घ्या आणि प्रत्येकाबद्दल एक खरी गोष्ट आठवून आभार माना. विहीणबाईंच्या नावापाशी शब्द अडतील. तिथे घाई करू नका, "लेक तापली तेव्हा उशाशी बसल्या" असं काहीतरी सापडेपर्यंत थांबा. विनंती सगळ्यांत शेवटी आणि नेमकी: "या महिन्यात नवराबायकोने मिळून घरखर्चाचं बोलावं." वहीत तारीख टाकून लिहा. मोघम मागितलं की देवाने काय दिलं तेही कळत नाही.

उत्पत्ती 2:24 मध्ये आईबापांना सोडायचं पुरुषाला सांगितलंय. म्हणजे पगाराचं आईशी बोलायचं ते जावयानेच. सुनेने काढलं की भांडण, व्याह्यांनी काढलं तर अपमान.

जळगावकर
जायचंच असेल तर निर्गम 18 वाचून जा. इथ्रो हा इस्राएलांचा पुढारी मोशे याचा सासरा. तो आधी दिवसभर बघतो, मग विचारतो, मग एकच सल्ला देतो, तोही "देवाने तशी आज्ञा केली तर" असं म्हणून. शेवटच्या वचनात तो आपल्या देशी परत जातो. हे परत जाणं फार मोलाचं आहे! आपल्याकडे आईबाप सल्ला द्यायला जातात आणि चार दिवस राहतात.

आणि जावई रात्रपाळी करून आलेले असतील त्या दिवशी जाऊ नका. झोप झाली नसेल तर साधा शब्दही लागतो.

महिला मंडळ, धुळे
ताई, दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिलं, घरप्रार्थनेत "प्रार्थनेचा विषय" म्हणून लेकीच्या घरचं सगळं सांगितलं जातं. आठवड्यात ते भुसावळच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पोचतं आणि विहीणबाईंना रविवारी उपासनेच्या दारात कळतं. मंडळात फक्त "एका कुटुंबासाठी" म्हणा. मत्तय 18:15 आधी एकांतात बोलायला सांगतं, मंडळीपुढे न्यायची पाळी शेवटी.

दुसरं, रात्रीचा फोन. तो बंद करू नका, लेकीला वाटेल आईनेही दार लावलं. ऐका, मग विचारा, "हे त्यांना सांगितलंस का?" नसेल तर तिच्यासोबत फोनवरच दोन मिनिटं प्रार्थना करा आणि ठेवा. स्वतःचं मत जोडू नका. त्यांचं रात्रीतून मिटतं, आपल्या मनात मात्र सहा महिने राहतं.

कधी हात उचलला गेला, उपाशी ठेवलं, कोंडलं, पैशांची मागणी झाली, तर वरचं सगळं बाजूला. तिला त्याच दिवशी घरी आणा. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला 112. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडे तक्रार देता येते. "सहन कर, आम्ही प्रार्थना करतो" असं अशा वेळी कोणीही म्हणू नये, पाळकसाहेबांनीसुद्धा.

अमळनेरची आई
विहीणबाईंच्या नावापाशी खरंच अडतं. आणि नणंदेचं नावही घेऊ का?

पाळक, नंदुरबार
घ्या ताई. फक्त विहीणबाईंच्या आधी नको, सोपं नाव आधी घेतलं की अवघड नाव राहून जातं.