एचआयव्हीच्या कवचाचं कागदी मॉडेल: षट्कोन जोडले की नळीच होते, टोक बंद कसं करायचं?

वागळे_बायो (ठाणे):
कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एचआयव्हीच्या कॅप्सिडचं, म्हणजे आतल्या शंकूसारख्या कवचाचं, कार्डपेपरचं मॉडेल करतोय. षट्कोनाची बाजू २.३ सेंमी आहे. सत्तर-ऐंशी तुकडे जोडून झाले, पण त्यांची सपाट चटई होते आणि गुंडाळली तर नळी. टोकं बंद करायला पंचकोन लागतात एवढं ठाऊक आहे. ते किती आणि नेमके कुठे बसवायचे? शिवाय प्रथिनांचा आकडा एका ठिकाणी २,४०० दिलाय, दुसऱ्या ठिकाणी १,५००. फलकावर कोणता लिहू?

घणसोली_भूमिती:
पंचकोन बरोब्बर १२. हा आकडा विषाणूचा नाही, भूमितीचा आहे. प्रत्येक कोपऱ्यावर तीन तुकडे भेटत असतील आणि तुकडे फक्त षट्कोन-पंचकोन असतील, तर कवच १२ पंचकोनांनीच बंद होतं. जुन्या काळ्या-पांढऱ्या फुटबॉललाही १२च असतात. षट्कोन कितीही चालतात, एचआयव्हीत साधारण २५०.

शंकू होतो तो वाटणीमुळे. निमुळत्या टोकाला ५, रुंद टोकाला ७. सहा-सहा वाटले की तुमच्यासारखी नळीच राहते, फक्त टोकं बंद झालेली. प्रत्येक पंचकोन सपाट जाळीतून ६० अंशांची एक फोड काढून टाकतो. पाच फोडी गेल्या की उरतो ६० अंशांचा तुकडा, आणि तो गुंडाळला की शंकूचा कोन सुमारे १९.२ अंश येतो. खऱ्या कवचांत वारंवार दिसणारा कोन हाच.

निमुळतं टोक असं बांधा: मधोमध एक पंचकोन, त्याभोवती ५ षट्कोन. या षट्कोनांच्या मध्ये बाहेरच्या बाजूला ५ खाचा दिसतील. चार खाचांत पंचकोन लावा, पाचवीत मुद्दाम षट्कोन. त्या एका षट्कोनामुळेच जाळी पुढे रुंदावत जाते. पाचवीतही पंचकोन लावलात तर पुन्हा नळी. तिथून पुढे नुसते षट्कोन लावत जा. घेर १८-१९ षट्कोनांचा झाला की कडेला सहा पंचकोन दोन-तीन षट्कोनांच्या अंतराने पेरा आणि सातवा तळाच्या मध्याजवळ ठेवा. इथे थोडी अदलाबदल करावी लागेल, म्हणून तळ आधी नुसता टाचून बघा. दोन पंचकोन एकमेकांना चिकटू देऊ नका, तिथे कागद टोकदार वर येतो आणि शिवण उसवते.

प्रमाण छान निवडलंय. तुमचा षट्कोन समोरासमोरच्या बाजूंमध्ये ४ सेंमी भरतो आणि खऱ्या कवचात दोन षट्कोनांच्या केंद्रांमध्ये सुमारे १० नॅनोमीटर असतात. म्हणजे १२० नॅनोमीटर लांब, ६० रुंद कवच तुमच्याकडे ४८ बाय २४ सेंमी होईल. ए-फोरच्या एका कागदातून ३६ षट्कोन निघतात, सात-आठ कागद पुरतील. डिंक नको. ठाण्याच्या पावसाळी हवेत तो सुटतो, आणि सांधा हलता राहायला हवा. आतून सेलोटेप लावा.

खारघर_प्रथिन:
वरच्यात भर. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगवेगळ्या अवस्थांचे आहेत. फलकावर दोन्ही लिहा, कारण खरी गंमत त्या दोघांच्या मधेच आहे.

पेशीतून नुकताच बाहेर पडलेला विषाणू अपरिपक्व असतो. त्यात सुमारे २,४०० गॅग प्रथिनं (ज्यांतून पुढे कॅप्सिड प्रथिन सुटतं ती लांब प्रथिनं) विषाणूच्या बाहेरच्या पडद्याला आतून चिकटलेली असतात. तीही षट्कोनी जाळीच, पण केंद्रांमधलं अंतर ८ नॅनोमीटरच्या आसपास. तिथे पंचकोन नसतात. जाळी गोलाला बसावी म्हणून मध्ये मोठ्या फटी राहतात. मग विषाणूचं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारं विकर, गॅगचे तुकडे करतं. कॅप्सिड प्रथिनाच्या शेपटीला जोडलेला एसपी-१ हा छोटा तुकडा शेवटी सुटतो. तो असेपर्यंत सहा शेपट्यांची जुडी जुनी जाळी धरून ठेवते. सुटलेल्या प्रथिनांपैकी सुमारे १,५०० शंकूत जातात. एक षट्कोन म्हणजे सहा प्रथिनं, एक पंचकोन म्हणजे पाच: २५० गुणिले ६, अधिक १२ गुणिले ५, म्हणजे १,५६०. बाकीची विषाणूत मोकळी राहतात.

लोक औषधाबद्दल विचारतीलच. लेनाकापाविर हे सहा महिन्यांतून एकदा टोचायचं औषध षट्कोनातल्या दोन शेजारी प्रथिनांमधल्या खाचेत बसतं. मॉडेलवर त्या फटीत लाल टिकली लावा.

ऐरोली_बेंच:
याच धाग्यात विचारतो. आम्ही प्रयोगशाळेत खऱ्या प्रथिनापासून कवच जुळवतोय. शुद्ध कॅप्सिड प्रथिन ५ मिग्रॅ प्रति मिली, पीएच ८, १ मोलर मीठ. आमच्याकडेही नळ्याच होतात, शंकू जवळपास नाहीतच. सुधारायचं काय?

खारघर_प्रथिन:
वरच्या कागदी नळीचंच उत्तर. ५ मिग्रॅ म्हणजे जवळपास २०० मायक्रोमोलर, ते पुरेसं आहे. अडतंय ते पंचकोनापाशी. प्रत्येक षट्कोनाच्या मधल्या भोकात सहा आर्जिनिन (प्रथिनाच्या साखळीतलं १८ वं अमिनो आम्ल) तोंडाला तोंड लावून असतात, सगळे धन भाराचे. पंचकोनात तर दाटी आणखी. जास्त मीठ षट्कोन जोडायला मदत करतं, पण पंचकोनाला पुरत नाही. पेशीत हे काम आयपी-६ करतो. सहा फॉस्फेटांचा ऋण भाराचा रेणू, म्हणजेच कडधान्यातलं फायटिक आम्ल. पंचकोनासाठी त्याला लायसिन या २५ व्या अमिनो आम्लाचं कडंही लागतं.

मीठ कमी करा, एमईएस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) पीएच ६ च्या आसपास ठेवा आणि आयपी-६ काही मिलिमोलर घाला. फायटिक आम्ल फार आंबट असतं, म्हणून त्याचं द्रावण आधी बफरच्या पीएचला आणा, नाहीतर प्रथिन साकळेल. मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम असेल तर काढा. त्यांच्यासोबत फायटेटचा साका बसतो आणि ३५० नॅनोमीटरवर गढूळपणा वाढलेला दिसतो, जो कवचांचा नसतोच. प्रथिनाशिवायचा कंट्रोल ठेवलाच पाहिजे. गढूळपणावरून आकारही कळत नाही, त्यासाठी निगेटिव्ह स्टेन करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बघायला लागेल.

आणि टॅग (शुद्धीकरणासाठी प्रथिनाला जोडलेला जादा तुकडा) पुढच्या टोकाला आहे का? असेल तर आधी तो काढा. पहिलं प्रोलिन मोकळं असलं तरच ते ५१ व्या अॅस्पार्टेटशी जोडलं जातं आणि पुढची घडी पक्की होते. टॅगशिवायच्या प्रथिनात ते बनवणारा ई. कोलाय जिवाणू सुरुवातीचं मेथिओनिन स्वतःच कापतो, कारण पुढे प्रोलिन आहे.

ऐरोली_बेंच:
टॅग मागे आहे, पण बफरमध्ये ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आहे. उद्या ते काढून कंट्रोलसकट लावतो.

वागळे_बायो (ठाणे):
चार खाचांत पंचकोन, पाचवीत षट्कोन असं लावलं आणि शंकू उघडायला लागला. तळाला सध्या सहा पंचकोन बसलेत, सातव्याएवढंच भोक उरलंय.