मदत हवी आहे : आर्त्साखचे आर्मेनियन ‘निर्वासित’ की ‘विस्थापित’?

नागोर्नो-काराबाखवरच्या (अझरबैजानमधला आर्मेनियन वस्तीचा प्रदेश; आर्मेनियनांचं आर्त्साख) मराठी टिपणात एका शब्दावर अडलंय. १९ सप्टेंबर २०२३ च्या अझरबैजानी हल्ल्यानंतर तिथली लाखाहून अधिक आर्मेनियन माणसं लाचिनच्या (काराबाखला आर्मेनियाशी जोडणाऱ्या) रस्त्याने आर्मेनियात आली. सीमा ओलांडली, म्हणजे ‘देशांतर्गत विस्थापित’ बसत नाही. पण बहुतेकांकडे पासपोर्ट आर्मेनियाचेच, काराबाखच्या रहिवाशांना दिलेल्या ०७० संकेतांकाचे! घोटाळा इथेच होतो : आर्मेनिया सरकार तो निव्वळ प्रवासाचा कागद मानतं. नागरिकत्वासाठी वेगळा अर्ज, तोवर ‘तात्पुरतं संरक्षण’. मराठीत ‘निर्वासित’ म्हटलं की फाळणीनंतर आलेले, परत न गेलेले सिंधी आठवतात. इथे तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या १७ नोव्हेंबर २०२३ च्या आदेशात अझरबैजानला सुरक्षित परतीची वाट खुली ठेवायला सांगितलंय. तो हक्क पुसला जाणार नाही असा, कायद्यालाही धरून असलेला शब्द कोणी सुचवेल का?